अंगठ्याची खाच

माझ्या मामाला छातीपर्यंत रुळणारी दाढी आहे आणि तो लोकांचे वस्तरे दुरुस्त करतो. हे ऐकून समोरचा हसला नाही असं सहसा होत नाही. मामीसुद्धा हसते, पण तिचं हसणं आता इतकं जुनं झालंय की घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते घरात कुणाला ऐकू येत नाही.

मामाची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. यंत्रांना लागणारी हत्यारं जिथे घासून, मोजून, पुन्हा घासून अचूक केली जातात ती ही खोली. तिथे रोज गुळगुळीत दाढी करून जावं लागे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच सकाळी तो बेसिनपाशी उभा राहिला, आरशात पाहिलं आणि ब्रश होता तसा परत ठेवून बाहेर आला. "इतकी वर्षं कारखान्याला चकचकीत तोंड दाखवलं," तो म्हणाला, "आता जरा तोंडाला सुट्टी."

तोंडाला सुट्टी मिळाली, हातांना मात्र ती सोसेना. ते घरभर फिरू लागले. त्यांनी कपाटाच्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या, मग नळ, मग जे बिघडलेलंच नव्हतं तेही. मामी अगदी मेटाकुटीला आली. अशात जुन्या बाजारात, फडक्यावर मांडलेल्या किल्ल्याकुलपांमध्ये मामाला एक गंजलेला वस्तरा सापडला. तो घेऊन तो घरी आला तेव्हा मामीने स्वयंपाकघराला लागून असलेली बंद गॅलरी आपण होऊन सोडून दिली. "कपडे मी गच्चीवर वाळत घालीन," ती म्हणाली, "पण माझ्या मिक्सरला पुन्हा हात लावू नका."

मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहिले तेव्हा माझी पुस्तकं त्या गॅलरीच्या दाराशी असायची. आत एका जुन्या दाराचं केलेलं टेबल होतं. पाण्याच्या ट्रेमध्ये धारेचे दगड होते, खरखरीत दगडापासून साबणाच्या वडीइतक्या मऊ दगडापर्यंत. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा टांगलेला. कोपऱ्यात छोटा लेथ, त्यावर तो दाढीच्या ब्रशांना लाकडाच्या नव्या मुठी करायचा. ब्रशांचे धुतलेले झुबके दोरीला उलटे लटकत वाळायचे. तेल, साबण आणि ओला दगड यांचा मिळून एक वास होता. तो माझ्या वह्यांना लागला आणि अजून गेलेला नाही.

पॉलिशला मामा मोटर वापरत नसे. मोटरने पातं तापतं, तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग त्याची धार टिकत नाही. त्यामुळे सगळं हातानेच. बुचाच्या तुकड्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा आणि घासत राहायचं. धार बघायला स्वतःची दाढी वापरणं शक्यच नव्हतं, म्हणून तो डाव्या हातावरचे केस वापरी. मामी पाहुण्यांना तो हात मुद्दाम दाखवायची. "एक हात बाळाचा, एक हात अस्वलाचा. लग्नात दोन्ही सारखे होते हो, मी नीट बघून घेतले होते."

कुणाच्याही हातून, कुठल्याही अवस्थेत वस्तरा आला तरी त्या टेबलावरून तो नव्यासारखा बाहेर पडे. दुकानदार, हौशी लोक, वडिलांची आठवण म्हणून घेऊन येणारे, सगळे खूश होऊन जात. टूलरूममध्ये मामाच्या अंगात एक गोष्ट भिनली होती: पृष्ठभागावर जे काही वर आलंय किंवा आत गेलंय ते चुकीचं आहे. खड्डा दिसला की त्याला चैन पडत नसे.

एका दुपारी एक बाई नॅपकिनमध्ये गुंडाळलेला वस्तरा घेऊन आल्या. दारात मामाला पाहून त्या घुटमळल्या.

"काका, वस्तरे दुरुस्त करणारे इथेच..."

"मीच तो," मामा म्हणाला. "दाढीवर जाऊ नका."

वस्तरा त्यांच्या सासऱ्यांचा होता. सासरे टेलर होते, कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. तरी दाढी ते स्वतःची स्वतः करत, ह्याच वस्तऱ्याने.

"उघड्या वस्तऱ्याने?" मामाने विचारलं. "दिसत नसताना?"

"रोज. तेही आरशासमोर उभे राहून. मी एकदा विचारलं, बाबा, आरसा कशाला? तर म्हणाले, नळ तिथे आहे म्हणून."

मागे एकदा वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला, पात्याचा टवका उडाला, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्या टवक्याने गाल कापला. मुलाने, म्हणजे बाईंच्या नवऱ्याने, टॉवेलवर रक्त पाहिलं आणि संध्याकाळी दाढीचं मशीन घेऊन आला. ऑफिसला जायच्या आधी रोज मी करून देईन, म्हणाला. तेव्हापासून सासरे दाढी वाढवून बसले होते.

"भांडत नाहीत," सून म्हणाली. "भांडले असते तर बरं झालं असतं. काळजीपोटी एकेक काम आम्हीच त्यांच्या हातातून काढून घेतलंय हो. कात्री गेली, इस्त्री गेली, गॅस गेला. एवढंच राहिलंय त्यांचं स्वतःचं. शेवटी बाबांचं आणि ह्यांचं ठरलंय की वस्तरा नीट करून आणायचा आणि एकदा करून बघायची. कापलं तर वस्तरा कायमचा बंद."

मामाने वस्तरा उघडून उजेडात धरला. "सोन्यासारखा करून देतो," तो म्हणाला.

आणि त्याने तो केला. टवका जाईपर्यंत पातं दगडावर ओढलं. तडकलेली मूठ काढून काळसर लाकडाची नवी बसवली. पातं आणि मूठ यांच्यामधल्या पोलादी दांडीवर, जिथे दाढी करताना अंगठा टेकतो तिथे, गंज दोन जागी खोल गेला होता. "एवढीच जागा कशी खाल्ली कळत नाही," असं पुटपुटत त्याने अख्खा दिवस त्या दोन खड्ड्यांवर घालवला. संध्याकाळी दांडीत खिडकी दिसत होती, गजांसकट.

सून परत आली ती आठवडाभराने. वस्तरा मामाने दिलेल्या डबीतच होता.

"कापलं?"

"हनुवटीखाली. पहिल्याच हाताला, तिथेच थांबले. फार नाही, पण रक्त बघितलं की ह्यांचे हातपाय गळतात." मग ती जरा संकोचली. "तक्रार नाही हो, काका. बाबा म्हणाले, काम उत्तम आहे, पण हा माझा वस्तरा नाही. अदलाबदल झाली असेल, ज्याचा असेल त्याला द्या."

मामाला मिरच्या झोंबल्या. त्याने भिंग काढलं आणि पात्यावरचा छाप तिच्यापुढे धरला. "हा पक्षी बघा. तुम्ही आणलात तेव्हा नुसती शेपटी दिसत होती. तोच वस्तरा आहे."

"मला पटतं, काका. त्यांना पटत नाही."

ती गेली. डबी टेबलावर राहिली. मामाने वस्तरा पट्ट्यावर फिरवला, डोक्याचा एक केस उपटून धारेवर धरला. केसाचे दोन तुकडे झाले. "ह्याच्यात दोष नाही," तो मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून मामीचा आवाज आला. "अहो, हे काय चाललंय?"

मामाने कात्रीने एका बाजूची दाढी उतरवली होती. त्या गालावर फेस होता, हातात वस्तरा आणि डोळे मिटलेले.

"मधे बोलू नकोस. मी आत्ता आंधळा आहे."

"ते मला लग्नानंतर लगेच कळलं होतं."

बाहेर आला तेव्हा त्याचा एक गाल उघडा होता, जबड्यापाशी कापसाचा बोळा होता आणि दुसऱ्या बाजूची दाढी तशीच रुळत होती. तो माझ्यासमोर बसला. "डोळे मिटले की पातं गालाला टेकलंय हे कळतं गं. पण किती कललंय ते कळत नाही. जरा जास्त कललं की कापतं. मला आरसा सांगतो. त्यांना कोण सांगत होतं?"

मला काय ठाऊक असणार.

"त्यांनाच विचारायला हवं," तो उठला. "चल."

"असे?" मामी म्हणाली. "अर्ध्या दाढीने?"

"त्यांना कुठे दिसतंय."

"रस्त्यावरच्यांना दिसतं ना."

त्याने तोंडाभोवती मफलर गुंडाळला. बाहेर उकाडा होता.

दार टेलरमास्तरांच्या मुलाने उघडलं. मफलर सुटला तेव्हा तो मामाकडे पाहतच राहिला, आणि जे काही ऐकवायचं त्याने ठरवलं असेल ते राहूनच गेलं. मास्तर खिडकीपाशी ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, कडक कॉलर आणि त्यावर वाढलेली पांढरी दाढी, जणू दुसऱ्या कुणाची. हनुवटीखाली पट्टी होती. शिवणयंत्रावर चादर टाकून वर टीव्ही ठेवला होता.

मामाने वस्तरा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी एका झटक्यात उघडला. अंगठा दांडीवर गेला, पुढे सरकला, मागे आला आणि थांबला. अंधारात दिव्याचं बटण नेहमीच्या जागी सापडू नये तसा.

"फार सुंदर काम आहे, मिस्त्री," ते म्हणाले. "कुठे सुरकुती नाही. पण माझ्या खाचा कुठायत?"

"कसल्या खाचा?"

"इथे दोन होत्या. आम्ही कापडाला देतो ना, बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर यावा म्हणून? बाहीला एक छोटी खाच, खांद्याला एक. दोन्ही जुळल्या की न बघता शिवत जायचं. तशाच ह्या. पहिल्या खाचेत अंगठा बसला की पातं गालाला हवं तेवढंच कलतं. दुसरी हनुवटीखालची. मी अंगठ्याने बघतो."

मामाने त्या गुळगुळीत दांडीकडे पाहिलं. गॅलरीतला तो अख्खा दिवस मलाही आठवला.

"मला वाटलं, गंज आहे," तो म्हणाला.

"असेल गंज. पण माझा होता."

"घासून काढला मी. निघता निघत नव्हता."

"निघणार कसा? बारीक कानशीने चांगल्या खोल मारल्या होत्या."

"कधी मारल्या होत्या?" हे मुलाने विचारलं.

मास्तरांनी वस्तरा मिटला. "दिसायला कमी व्हायला लागलं तेव्हा."

"म्हणजे डॉक्टरकडे गेलो तेव्हा?"

"त्याच्या बऱ्याच आधी."

"आणि त्या काळात तुम्ही लोकांचे कोट कापत होता."

"खाचांवर कापत होतो. एकही परत आला नाही."

"आम्हाला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"सांगितलं असतं तर तू कात्री आधीच काढून घेतली असतीस."

 सून ओट्याकडे वळली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

"मी परत मारून देतो," मामा म्हणाला. "जागा दाखवा."

मास्तरांनी अंगठा टेकवला. मामाने पेनाने खूण केली. पुन्हा विचारलं तर अंगठा दुसरीकडे गेला, तिसऱ्यांदा तिसरीकडे. मास्तर स्वतःवरच वैतागले. "नुसतं हातात धरून नाही सांगता येत हो. गालाला लावल्यावर अंगठा आपोआप जागेवर जातो. आणि गालाला लावायला आम्हाला बंदी आहे."

"आपलं ठरलं होतं, बाबा," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणतोय? ठरलं होतं."

परतताना मामा सबंध रस्ताभर स्वतःचा अंगठा तर्जनीवर फिरवत होता. मफलर बांधायचंही विसरला होता. लोक बघत होते, त्याला पत्ता नव्हता.

पुढचे काही दिवस लेथ बंद होता आणि पितळ कापण्याचा आवाज येत होता. वस्तऱ्याच्या पात्यासारखंच, तेवढ्याच वजनाचं एक पितळी पातं तयार झालं, दांडीसकट. कडा गोल, लोण्यातही अडकेल इतकी बोथट. मास्तरांची जुनी मूठ मामाच्या डब्यात होतीच, कारण तो कधीच काही फेकत नाही. तिचा तडा त्याने बारीक तारेने शिवला आणि ते पातं तिच्यात बसवलं. दांडीवर, अंगठ्याच्या जागी, त्याने मेणाचा पातळ थर दिला.

मास्तरांच्या हातात ते दिल्यावर त्यांची बोटं आधी मुठीवरच्या तारेवर थबकली. "ही माझीच," ते म्हणाले. मग पातं मुलाच्या दिशेने धरलं. "ह्याने कापेल का रे?"

मुलाने कडेवरून बोट फिरवलं. "नाही."

"म्हणजे ही ट्रायल झाली. मग घाई नको. ट्रायलला घाई केली की कोट पाठीत ओढतो."

ते बेसिनपाशी गेले. फेस केला, ब्रशने गालांवर चढवला आणि पितळेच्या पात्याने तो काढू लागले. केस एकही कापला जात नव्हता, तरी त्यांची मान तशीच मागे जात होती, दुसऱ्या हाताने गाल तसाच ताणला जात होता. दाढी न करताही त्यांनी ती पूर्ण केली. मेणात दोन खळगे उमटले होते. एक दुसऱ्यापासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा दूर, आणि किंचित तिरका. हे तिरकेपण कुणाला तोंडाने सांगता आलं नसतं.

त्या ठशांवरून मामाने खऱ्या वस्तऱ्यावर खाचा मारल्या. त्याच्यासारख्या माणसाला आरशासारख्या पोलादावर कानस चालवणं जिवावर आलं असेल. पहिल्या फटक्याआधी तो उठून पाणी पिऊन आला. नंतर जुनी मूठ परत बसवली, आपली काळ्या लाकडाची काढून ठेवली.

मास्तरांनी अंगठा ठेवला. "जागा बरोबर. पण ही बोलत नाही, मिस्त्री, ओरडते. नवी आहे. जरा मळू दे."

म्हणून मामाने त्या खाचा मळवल्या. अंगठ्याला पॉलिशची पेस्ट लावून, मिटलेला वस्तरा मुठीत धरून तो दांडीवरून अंगठा फिरवत बसे. चहा पिताना, बातम्या ऐकताना, मामी वाण्याचं सामान सांगत असताना. शेवटी मामी म्हणाली, "माझा हात कधी इतका वेळ धरला नाहीत." त्याने लगेच दुसऱ्या हाताने तिचा हात धरला. पेस्ट त्याही हाताला लागली होती.

मेणातले ठसे पाहून मुलगा आणखी एका संधीला कबूल झाला होता, पण अट होती तशीच होती. एकदाच, आणि कापलं तर बंद. त्या सकाळी मुलगा न्हाणीघराच्या दारात उभा राहिला, मुठीत कापूस घट्ट धरून. मामा बाहेरच्या खोलीत पाठ करून बसला. त्याला बघायचं नव्हतं. तो ऐकत होता. आधी ब्रशचा ओला आवाज, मग पात्याचा, वाढलेल्या केसांतून जाणारा, कोरडं गवत हाताने बाजूला करावं तसा. मधेच तो आवाज थांबला. मामाने खुर्चीची कड धरली. "खाच बदलली," तो माझ्या कानात म्हणाला. आवाज पुन्हा सुरू झाला, आता जरा वरच्या पट्टीत. मग नळ.

मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कानामागे साबण होता. गाल लहान दिसत होते, नव्याने ओळख व्हावी असे.

"बघ," ते मुलाला म्हणाले.

"बघितलं. कापलं नाही कुठे."

"बघितलेलं मला सांगू नकोस. हात लाव."

मुलाने कापूस खिशात कोंबला. वडिलांच्या गालाला हात लावायची त्याला सवय नसावी. हात आधी हवेतच राहिला, मग टेकला, हनुवटीवरून गळ्यापाशी गेला, परत वर आला. कानाखाली थांबला.

"इथे थोडं राहिलंय, बाबा."

"कुठे? बोट ठेव."

मुलाने बोट ठेवलं. मास्तरांनी वस्तरा उघडला. अंगठा दांडीवर सरकला, पहिल्या खाचेत बसला, आणि पातं गालावरून त्या बोटाच्या दिशेने वर आलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याने बोट हलवलं नाही.

"आता काढ," मास्तर म्हणाले.

त्याने बोट काढलं. पातं त्या जागेवरून गेलं.

दाढीचं मशीन आता मुलगा स्वतःसाठी वापरतो, असं सून सांगते. मास्तर म्हणतात, त्याची दाढी घाईत टाके घातल्यासारखी होते. मामाची परत वाढली आहे, एका बाजूला अजून थोडी आखूड. ती काळी मूठ खिडकीत पडून आहे. मामी तिच्या टोकाने पिशव्यांच्या दोरीच्या गाठी सोडवते.

टेबलाशी मात्र एक बदल झाला आहे. वस्तरा आला की मामा पॉलिशपेपर काढत नाही. ज्याचा आहे त्याला आधी तो हातात धरायला लावतो आणि त्याच्या अंगठ्याकडे बघत बसतो. माणूस हयात नसेल तर स्वतःचे डोळे मिटून दांडी चाचपतो. परवा एक गृहस्थ आजोबांचा वस्तरा घेऊन आले आणि पात्याच्या पाठीवरच्या एका खोलगट डागावर बोट ठेवून म्हणाले, "हा खड्डा तेवढा जाईल ना?"

"जाईल की," मामा म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. "पण थांबा जरा. आधी कुणाचा आहे ते बघू."